डोक्यावरचं पोतेरं

केझाया लार्टर पन्नाशीची झाली त्याच वर्षी नॉरफोकमधल्या हॅवर्सबीच्या रेव्हरंडसाहेबांना गावकऱ्यांच्या बोलीचा पुळका आला.

चाळीस वर्षं साहेब त्याच गावात होते. त्याच चर्चमध्ये दर रविवारी उभे राहून बोलत होते, आणि समोर बसलेली माणसं काय बोलतात ते त्यांनी कधी कान देऊन ऐकलं नव्हतं. ऐकलं असेल तर नाक मुरडण्यापुरतं. आता मात्र काळी वही आणि शिसपेन्सिल घेऊन ते होड्यांच्या धक्क्यावर, चरांच्या काठाला, बोरूच्या गंजींपाशी हिंडायला लागले. कुणी तोंड उघडलं की पेन्सिल पुढे. "काय म्हणालास? पुन्हा म्हण. तुझा आजा पण असंच म्हणायचा का?"

"आता शिंकायची पण चोरी झाली," म्हातारा ओबेड गॉफिन म्हणायचा. "शिंकेचं स्पेलिंग विचारील मेला."

रेव्हरंड ॲम्ब्रोझ लॅथबरी हे साहेबांचं पूर्ण नाव. दक्षिणेकडचे, विद्यापीठात शिकलेले, आणि ते दोन्ही कुणाला विसरू न देणारे. लंडनमध्ये जुन्या शब्दांच्या अभ्यासकांचं एक मंडळ होतं आणि साहेब त्याचे सभासद झाले होते. मंडळाचं म्हणणं असं की रेल्वे आणि शाळा आल्यापासून खेड्यापाड्यातले जुने शब्द मरायला टेकलेत, तेव्हा ते गोळा करून, त्यांचे अर्थ लावून, कोशात घालून वाचवले पाहिजेत. साहेबांनी हे एका रविवारी प्रवचनात सांगितलं. सांगताना त्यांचा गळा दाटून आला होता.

मागच्या बाकावर केझाया शेजारणीला म्हणाली, "मारले कुणी ते विचार म्हणावं."

तिला विचारायची गरज नव्हती. तिचा बाप छपरं शाकारायला लागतो तो बोरू कापायचा आणि हिवाळ्यात वाम मासे धरायचा. पाण्याच्या काठची माणसं. घरात बोललं जाई ते सगळं त्या पाण्यातलं. धुक्याला रोक म्हणायचं, बगळ्याला हार्न्सर. नऊ वर्षांची असताना ती गावच्या शाळेत होती. लॅथबरीसाहेब तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे, नवे कोरे करकरीत, शाळेचे व्यवस्थापक. एक दिवस त्यांनी वर्गात येऊन फळ्यावर चित्र काढलं. आधी दोन शिंगं, मग अंग, मग पाठीवरचा गोल गोल शंख. "हे काय आहे?"

केझायाने सगळ्यांच्या आधी हात वर केला. "डॉडमन, साहेब!"

आमच्याकडे गोगलगायीला डॉडमनच म्हणतात. पण साहेबांचा चेहरा असा झाला की जणू तिने त्यांच्या जेवणाच्या ताटात गोगलगाय टाकली. हे गोठ्यातलं बोलणं, म्हणाले, माणसांचं नव्हे. मग त्यांनी कपाटातून एक लाकडी फळी काढली. तिला दोरी होती, आणि तिच्यावर पांढऱ्या रंगात लिहिलं होतं: मी गावंढळ बोलते. ती फळी केझायाच्या गळ्यात तीन दिवस होती. घरी जातानासुद्धा काढायची नाही असा हुकूम होता. पहिल्या संध्याकाळी बापाने ती बघितली. त्याला वाचता येत नव्हतं.

"बक्षीस मिळालं काय गं?" त्याने कौतुकाने विचारलं.

"हो," केझाया म्हणाली.

बापाने फळी हातात घेऊन वळवून वळवून बघितली, अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि शेजारच्या गॉफिनांना दाखवायला पोरीला दारात उभं केलं. त्यांनाही वाचता येत नव्हतं.

त्या दिवसापासून केझायाला दोन जिभा फुटल्या. एक घरची, एक साहेबाची. दुसरी ती इतकी साफ बोलायची की पुढे नॉरिच शहरात एका घरात कामाला असताना मालकीण पाहुण्यांना सांगायची, आमची मोलकरीण बघा कशी बोलते. मग नोआ लार्टरशी लग्न झालं, तो बोरू कापता कापता छातीच्या दुखण्याने गेला, एक मुलगी मागे राहिली, आणि केझाया चर्चची आणि शाळेची फरशी पुसायचं काम करायला लागली. वीस वर्षं करत होती. साहेबांचे बूट ज्या फरशीवरून चालायचे ती तिच्या गुडघ्यांच्या चांगल्या ओळखीची होती.

मार्चमधल्या एका शनिवारची गोष्ट. चर्चची फरशी उरकून ती शाळेकडे निघाली आणि पाऊस सपाटून आला. हातात धुऊन पिळलेलं फडकं होतं ते तिने डोक्यावर घेतलं आणि धूम ठोकली. फाटकापाशी साहेब छत्री घेऊन उभे.

"थांब, थांब! ते डोक्यावर काय आहे?"

"ड्वाइल, साहेब."

"ड्वाइल!" साहेबांचे डोळे लकाकले. छत्रीचा दांडा मानेत धरून त्यांनी वही काढली. "तुझी आई वापरायची?"

"रोज, साहेब."

"आणि आजी?"

"आजीसुद्धा."

"लोकरीचं असतं?"

"जुन्या फ्लॅनेलचं असलं तर बरं, साहेब. पाणी चांगलं धरतं."

"पाऊस धरतं," साहेबांनी मोठ्याने म्हणत लिहून घेतलं. केझाया तोपर्यंत नखशिखान्त भिजली होती. छत्री एकाच माणसापुरती होती.

ड्वाइल म्हणजे लादी पुसायचं पोतेरं. नॉरफोकमधलं दोन वर्षांचं पोरही हे सांगेल. केझाया सांगणारही होती, तोंड उघडलं होतं तिने. पण ते कशासाठी वापरतात असं साहेबांनी विचारलंच नाही. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं ना! डोळ्यांनी बघितल्यावर विद्वानाला विचारायचं काय उरतं? तिने तोंड मिटलं आणि पळाली.

साहेबांच्या वहीतले शब्द एकेका चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात उतरवायचं काम केझायाची मुलगी थर्झा करत असे. थर्झा तेवीस वर्षांची, त्याच शाळेत हाताखालची मास्तरीण, अजून कायम न झालेली. तिचं अक्षर छापल्यासारखं होतं. त्या आठवड्यात ती घरी आली ती चिठ्ठी हातात घेऊनच.

"आई, हे ऐक. 'ड्वाइल: नाम. खालच्या वर्गातील स्त्रिया मस्तकावर घेतात ते जाड लोकरी वस्त्र. आता दुर्मिळ.'"

केझायाच्या हातातला बटाटा खाली पडला. "दुर्मिळ? चर्चच्या कोठीत सात आहेत."

"हे चुकलंय. सांगू का त्यांना?"

"तुला विचारलं त्यांनी?"

"मला फक्त अक्षर चांगलं काढायला सांगितलंय."

"मग काढ चांगलं अक्षर."

ओबेड गॉफिनचा तर तोवर कारखाना सुरू झाला होता. एका शब्दाला चिमूटभर तंबाखू असा साहेबांचा रिवाज. ओबेडचे खरे शब्द पंधरवड्यात संपले; मग तो घडवायला लागला. चांदण्यात बदकांशी बोलणं याला त्याने 'फ्लॉबर्डिंग' म्हणून टाकलं आणि साहेबांनी ते जसंच्या तसं गिळलं. पुढे कंसात लिहिलं: अतिप्राचीन, बहुधा डेन्मार्कच्या दर्यावर्द्यांकडून.

"लाज नाही वाटत?" केझायाने ओबेडला विचारलं.

"मला कशाला? लिहितो तो, मी फक्त बोलतो," ओबेड म्हणाला आणि चिलीम भरली.

ऑक्टोबरात साहेब स्वतः केझायाच्या दारात आले. लंडनच्या मंडळापुढे त्यांचं व्याख्यान होतं. नुसते शब्द वाचून दाखवण्यापेक्षा ते शब्द बोलणारं एखादं माणूस शेजारी बसवलं तर सभासदांना अस्सल उच्चार ऐकायला मिळतील, असं त्यांच्या मनात आलं होतं. ओबेड पिऊन येईल अशी धास्ती होती, म्हणून केझाया.

"मी विचारीन, तू सांगायचंस. अगदी घरी बोलतेस तसं," साहेब म्हणाले. मग टोपी घालता घालता सहज बोलल्यासारखं, "थर्झाच्या नेमणुकीचं ख्रिसमसनंतर बघायचंय. हुशार मुलगी आहे."

केझाया जाते म्हणाली. न जाऊन सांगते कुणाला?

निघताना तिने रविवारची काळी टोपी, बॉनेट, चढवली होती. साहेबांची बहीण मिस लॅथबरी स्टेशनवर तिला बघून कळवळली. "अगं, हे नको! एप्रन, रोजचा एप्रन घाल. आणि बाह्या वर कर." साहेब आणि बाईसाहेब पहिल्या वर्गात बसले आणि केझाया तिसऱ्या वर्गात, मांडीवर बॉनेट आणि कडेला पावाचं गाठोडं घेऊन. लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनात उतरल्यावर तिला लंडन दिसलं ते धुराइतकंच.

सभा एका मोठ्या घराच्या वरच्या मजल्यावर होती. साठेक दाढीवाले बसले होते. मंचावर एक खुर्ची होती, तिच्यावर केझायाला बसवलं, उजेड पडेल अशी थोडी तिरकी. तिच्या खुर्चीच्या एका बाजूला वामाचं जाळं टांगलेलं, दुसऱ्या बाजूला बोरू कापायचा विळा. मधे ही. बाजारात म्हैस उभी करतात त्यापेक्षा बेतशीर मांडणी होती, एवढंच.

साहेब बोलले तासभर. मरणाऱ्या शब्दांबद्दल बोलताना इथेही गळा दाटला. मग ते म्हणाले, "आणि आता या प्रांतातील एका लुप्तप्राय शिरोवस्त्राचे दर्शन घडवण्यासाठी माझ्या भगिनींनी कष्ट घेतले आहेत." दार उघडलं आणि मिस लॅथबरी आत आल्या. डोक्यावर करड्या फ्लॅनेलचं नवंकोरं ड्वाइल, हनुवटीखाली निळ्या रिबिनीने बांधलेलं. त्यांनी सावकाश एक गिरकी घेतली. दाढीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतला एक म्हणाला, "किती साधं! किती शालीन!"

केझायाने गाल आतून दाताखाली धरला, रक्त येईपर्यंत.

तिच्या मनात अजूनपर्यंत सरळ होतं सगळं. थर्झासाठी आलोय, विचारतील ते सांगू, परत जाऊ. गाडीत तिने शब्दांची उजळणीसुद्धा केली होती. पण साहेब मंचावरच्या फळ्याकडे वळले, खडू घेतला आणि चित्र काढायला लागले. आधी दोन शिंगं. मग अंग. मग पाठीवरचा गोल गोल शंख.

"हं, केझाया. याला काय म्हणतेस?"

तिने सगळं ठरवून केलं असं गावात पुढे सांगत. ठरवलेलं काही नव्हतं. डॉडमन जिभेच्या टोकापर्यंत आला होता. पण मानेला दोरी काचल्यासारखं झालं आणि तोंडातून दुसरंच निघालं.

"गोगलगाय, महाशय."

साहेब हसले. "नाही, नाही. घरी काय म्हणतेस?"

"घरीही गोगलगाय असेच म्हणते, महाशय." आता मात्र ती समजून उमजून बोलत होती.

"बरं. सकाळी पाण्यावर पांढरं पसरतं ते?"

"धुके, महाशय."

"लांब पायांचा पक्षी, मासे खातो तो?"

"बगळा, महाशय."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. "अहो, ही तर आपल्यापेक्षा शुद्ध बोलते!" दाढ्या हलायला लागल्या. साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"तुझी आई काय म्हणायची ते तरी सांग!"

"माझ्या मातोश्री निवर्तल्या, महाशय," केझाया हात मांडीवर जुळवून म्हणाली. "त्यांचे शब्द आपल्या वहीत आहेत असे ऐकते."

यानंतर तिला फार वेळ बसवलं नाही. कुणीतरी तिला चहासाठी खाली, भांडी घासायच्या खोलीत नेऊन सोडलं. तिथे मोरीपाशी एक जाडजूड बाई कपबश्या विसळत होती. जमीन ओली, खिडकी फुटकी.

"बसू का जरा चुलीपाशी?" केझाया म्हणाली. "डडर भरलंय मला."

बाईच्या हातातली बशी तशीच राहिली. डडर म्हणजे हाडापर्यंतचं कुडकुडणं. तो शब्द लंडनमध्ये कुणी म्हणत नाही.

"कुठची गं तू?" बाईने विचारलं.

"हॅवर्सबीची."

"अगं बाई! मी पण तिकडचीच, यार्मथच्या बाजूची! अटिंग, लाव्हिनिया अटिंग. तीस वर्षं झाली मला इथे मरायला येऊन." आणि तिने ओल्या हातांनीच केझायाचे दोन्ही हात धरले. "बोल. काही पण बोल. नुसतं बोल."

मग मार्डल सुरू झालं. दोन बायका कामं पडलेली असताना बसून बोलतात त्याला आमच्याकडे मार्डल म्हणतात. वामाच्या कालवणापासून कुणाची सून कशी, कुणाचं गलबत कुठे बुडालं, बोरूची गंज कुणी पेटवली, इथपर्यंत. वरच्या मजल्यावर साठ माणसं ज्या शब्दांसाठी वह्या उघडून बसली होती ते शब्द खाली मोरीतल्या पाण्यासारखे वाहून चालले होते. तासाभरात वरून एकच दाढीवाला खाली डोकावला, तोही गरम पाणी मागायला. मिळालं, आणि गेला.

"ते राहू दे," मिसेस अटिंग मधेच म्हणाली. "ती डोक्यावर ड्वाइल बांधून कोण हिंडतेय जिन्यात? वेडी आहे का? सांभाळायला कुणी नाही का तिला?"

केझायाने सांगितलं. मिसेस अटिंग हसत हसत कोळशाच्या पेटीवर बसली, मग पेटीवरून घसरली. मोरीच्या कडेला वाळत घातलेलं आपलं पोतेरं उचलून तिने डोक्यावर धरलं. "मी पण शालीन दिसते का गं? रिबीन आण, रिबीन!" दोघी एकमेकींच्या खांद्यावर पडून हसल्या, आणि मग मिसेस अटिंगचं हसणं कधी रडण्यात गेलं ते तिलाच कळलं नाही. त्याच पोतेऱ्याने तिने डोळे पुसले.

परत येताना नॉरिचला गाडी बदलायची होती. फलाटावर एकच बाक होतं. मिस लॅथबरी प्रतीक्षालयात गेल्या, आणि साहेब केझायाशेजारी येऊन बसले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

"का केलंस असं?" ते म्हणाले. रागापेक्षा रडवेला आवाज होता. "माझं हसं झालं."

"तुम्हीच शिकवलंत, साहेब. मी डॉडमन म्हणाले म्हणून गळ्यात फळी घातली होतीत. तीन दिवस."

"मी?" साहेब खरंच गोंधळले. त्यांनी कपाळाला आठ्या घालून आठवून बघितलं. त्यांच्यासाठी त्या दिवसात आठवण्यासारखं काही घडलंच नव्हतं. "छे. मी अशी फळी कधी वापरली नाही. आधीच्या मास्तरांची असेल." मग त्यांचा हात नकळत कोटाच्या खिशात गेला. वही बाहेर आली. "पण तशी फळी होती म्हणतेस. मुलं तिला काही विशेष नावाने ओळखत का?"

केझायाने त्यांच्याकडे बघितलं. म्हातारा पेन्सिल ओली करून वाट बघत होता. इतका वेळ तिला त्यांचा संताप होता. त्या घटकेला तोही गेला. पेन्सिलीवर कुणी संतापतं का?

"गाडी आली, साहेब," ती म्हणाली.

त्या हिवाळ्यात चर्चमधून ज्या गरिबांना कोळसा आणि कांबळी वाटली गेली त्यांच्या यादीत लार्टर विधवेचं नाव नव्हतं. थर्झा मात्र कायम झाली. साहेबांना तिच्या अक्षराची गरज होती. पण थर्झाने आईशी तीन आठवडे धड बोलणं ठेवलं नाही, आणि बोलली ती फटकन.

"माझी नोकरी गेली असती."

"गेली नाही ना?"

"तुला काय माहीत होतं? आणि कसला एवढा राग? मी सहा वर्षांची असताना डॉडमन म्हणाले तर तू थोबाडीत मारली होतीस. आठवतं?"

केझाया सलगम सोलत होती. तिला आठवत होतं. साहेबांसारखी विसरायची सोय तिच्याकडे नव्हती. पोरीला चांगली जागा मिळावी, तिच्या गळ्यात कुणी फळी घालू नये, म्हणून तिने स्वतःच आधी हात उचलला होता. फळीच ती, फक्त लाकडाची नव्हे.

"मारली," ती म्हणाली.

"मग?"

"मग काही नाही. मारली." एक सलगम सोलून झाल्यावर ती पुन्हा बोलली. "त्यांना ते शब्द आता हवेत. मला तेव्हाही हवे होते."

शाळेत मात्र थर्झा पूर्वीसारखीच पोरांचं बोलणं सुधारत राहिली, कारण इन्स्पेक्टर यायचा. केझाया फरशी पुसता पुसता ऐकायची आणि ओठ चावायची. एकदा एक चिमुरडी थर्झाला म्हणाली, "मग माझी आज्जी चुकीचं बोलते का, मिस?" थर्झाने हातातला खडू खाली ठेवला. "नाही," म्हणाली. "ती घरात बोलते."

साहेबांचं पुस्तक पुढच्या वर्षी आलं, हिरव्या कापडी बांधणीचं. प्रस्तावनेत दोन उमरावांचे, एका बिशपचे आणि बहिणीचे आभार होते, आणि शेवटच्या ओळीत 'काही अशिक्षित ग्रामस्थांचे'. ड्वाइल होतं, मस्तकावर. फ्लॉबर्डिंग होतं, डेन्मार्कसकट. ओबेडने ते पान दारूच्या गुत्त्यात तीन वेळा मोठ्याने वाचून घेतलं आणि टोपी काढून स्वतःलाच सलाम केला. हॅवर्सबीत पुस्तक कुणी विकत घेतलं नाही. आपलंच बोलणं चुकीचं छापलेलं वाचायला कोण जाईल? दोन वर्षांनी साहेब सर्दीचं निमित्त होऊन वारले. प्रेतयात्रेत ओबेड मनापासून रडला. त्याची तंबाखू गेली होती.

आणखी चार वर्षांनी थर्झाच्या नावाने एक पत्र आलं. ती तोवर मुख्य मास्तरीण झाली होती. लांबच्या एका विद्यापीठात साऱ्या देशातल्या बोलींचा मोठा कोश तयार होत होता. त्या कचेरीने लॅथबरींच्या पुस्तकातले अकरा शब्द काढून पाठवले होते, आणि स्थानिक जाणकारांनी अर्थ तपासून द्यावेत अशी विनंती होती. यादीत ड्वाइल होतं.

"घालू देत डोक्यावर," केझाया म्हणाली. तिचे गुडघे आता कामातून गेले होते. दिवसभर ती चुलीपाशी बसून असायची. "सगळ्या देशभर घालू देत. मला बघायचंय."

"आई, ही माणसं लिहून विचारतायत."

"यांना पण वेड लागलंय. पेन्सिलवाली जात सगळी एकच."

थर्झाने पत्राची घडी घातली. "तुझ्या आईचा शब्द आहे तो. आजी लादी पुसायचं पोतेरं डोक्यावर घेऊन हिंडायची, असं कायमचं छापून राहील. राहू दे?"

केझायाने चुलीतली लाकडं सारखी केली.

"दौत आण," म्हणाली.

अकरा चिठ्ठ्यांना एक आठवडा लागला. मायलेकी रोज संध्याकाळी जेवणानंतर बसायच्या. थर्झा शब्द म्हणायची आणि केझाया सांगायची. तिला एका वाक्यात सांगता येत नसे. फ्लॉबर्डिंगला मात्र ती चटकन म्हणाली, "लिही: असा शब्द नाही, ओबेड गॉफिनला तंबाखू लागते." थर्झाने पहिले तीनच शब्द लिहिले. क्रोम शब्द आला तेव्हा केझाया नीट सरसावून बसली.

"क्रोम म्हणजे लांब दांड्याला पुढे वाकडे दात असतात ते. चर शेवाळाने तुंबला की काठावर उभं राहून ते आत फेकायचं आणि ओढायचं. ओल्या शेवाळाला प्रेताइतकं वजन असतं. तुझा बाप आजारी पडला त्या वर्षी मी ओढायचे, तू पोटात होतीस. दहा यार्ड ओढलं की हाताची कातडी दांड्याला राहायची. पाण्यातून काय येईल सांगता यायचं नाही. एकदा तर जिवंत वाम आला, तोच त्या दिवशी जेवलो. असं ते क्रोम."

थर्झाने सगळं लिहिलं, एकही शब्द न गाळता, घरच्या बोलीतच. पाकीट जाड झालं.

महिन्याभराने उत्तर आलं. कचेरीने आभार मानले होते. ड्वाइल दुरुस्त करून घेतलं होतं: फरशी पुसण्याचे फडके. फ्लॉबर्डिंग काढून टाकलं होतं. क्रोमची व्याख्या मात्र फार लांब झाली आहे, दहा शब्दांत बसवून पाठवावी, असं कुणीतरी बारीक अक्षरात कळवलं होतं.

"दहा?" केझाया म्हणाली. "चर केवढा असतो माहीत आहे का त्यांना?"

थर्झा पेन घेऊन बसली. खाडाखोड केली, बोटांवर मोजलं. "'चरातील शेवाळ ओढण्याचे वाकड्या दातांचे, लांब दांड्याचे अवजार.' आठ झाले. दोन उरलेत. काय घालू?"

केझायाने विचार केला. "'जड असते' घाल."

थर्झाने ते घालून पाठवलं. कोशाचा तो भाग पुढच्या वसंतात टपालाने आला तेव्हा क्रोमपुढे आठच शब्द होते. कचेरीने शेवटचे दोन कापले होते. थर्झाने आईला ते सांगितलं नाही. पान उजेडाकडे धरून तिने मोठ्याने वाचलं, आणि ते दोन शब्द आपल्या पदरचे घालून वाचले.

केझाया मान डोलवत ऐकत होती.

"हं," ती म्हणाली. "त्यांच्यातलं एखादं तरी माणूस कधीतरी चरात उतरलेलं दिसतंय."